ऑर्गन नाही

घड्याळताईनं आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या वादकाच्या न वाजवण्याची स्तुती केली, आणि नेमका तिथंच घोटाळा झाला.

एरवी ती स्तुतीच्या बाबतीत हात आखडता घेणारी बाई. वर्तमानपत्रासाठी संगीताचे कार्यक्रम ऐकून परीक्षणं लिहायची, चोवीस वर्षं. या चोवीस वर्षांत तिनं भल्याभल्यांना घाम फोडला होता. एक लाडकी गायिका स्टेजवर नुसते ओठ हलवते आहे आणि गाणं मागून रेकॉर्डवरचं चाललंय, हे खचाखच भरलेल्या सभागृहात हिनं एकटीनं ओळखलं होतं, आणि छापलंही होतं. नाव पडलं ते तिच्या सवयीवरून. कार्यक्रमाला जाताना पर्समध्ये एक स्टॉपवॉच आणि एक लांबट वही. वहीच्या पानावर दोन रकाने. डावीकडे मिनिट, उजवीकडे काय ऐकू आलं ते. काय वाटलं ते नाही. वाटलेलं सगळं घरी गेल्यावर. ऑफिसातले लोक आधी पाठीमागे घड्याळताई म्हणत, मग हळूहळू तोंडावरच म्हणू लागले आणि तिलाही ते आवडायला लागलं. चोवीस वर्षांत तिच्या मजकुराची एकही दुरुस्ती छापावी लागली नव्हती. या गोष्टीचा तिला तोरा होता, आणि तो तिनं कधी लपवलाही नाही.

'सुरूच आहे' नावाचा बँड तिच्या आवडीचा. हा जॅम बँड. म्हणजे काय, हे ती पुरवणीच्या संपादकाला दर वर्षी समजावून सांगायची. गाण्याची सुरुवात ठरलेली असते, पण ध्रुवपद दोनदा झालं की मंडळी चाल सोडून देतात आणि भटकायला निघतात. कुठं जायचं ठरलेलं नाही, किती वेळ ते ठरलेलं नाही. एकानं काही छेडलं की दुसरा ते उचलतो, अर्धा-पाऊण तास असं हिंडून सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात.

"म्हणजे यांना गाणं संपवता येत नाही," संपादक म्हणायचा.

"तुला ऐकता येत नाही," ती म्हणायची, आणि चर्चा तिथं संपायची.

हा बँड काढला होता अप्पांनी. अप्पा ऑर्गन वाजवायचे, आता त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. दोन गिटारवाले, एक ड्रमवाला आणि बेस गिटारवर अप्पांची मुलगी. घड्याळताईनं फार पूर्वी अप्पांची मुलाखत घेतली होती, तेव्हा त्यांनी बँडचा एकमेव नियम सांगितला होता. वाजवताना कुणाचा सूर चुकला तर त्याला ओढून परत आणायचं नाही. बाकीच्या सगळ्यांनी त्याच्याकडे जायचं. "चुकलेला माणूस एकटा पडता कामा नये," अप्पा म्हणाले होते, "तो एकटा पडला तरच ती चूक." तिनं त्या वाक्याचं शीर्षक केलं होतं आणि अप्पांनी ते कात्रण ऑर्गनच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं.

यंदा त्यांचे लागोपाठ दोन रविवारी दुपारी चार वाजता कार्यक्रम होते. पहिल्या रविवारी घड्याळताई चौथ्या रांगेत डावीकडे बसली. पहिला भाग नेहमीसारखा, अप्पांचा हात सफाईदार. मध्यंतरानंतर दुसरा भाग सुरू झाला, अडतीस मिनिटांचा एकच तुकडा. आणि चौथ्या मिनिटाला तिच्या लक्षात आलं की ऑर्गन ऐकू येत नाही. ऑर्गनची उंच लाकडी पाठ प्रेक्षकांकडे होती, तिच्यावरून अप्पांचे खांदे आणि पांढरं डोकं तेवढं दिसत होतं. खांदे संथ डुलत होते. म्हणजे माणूस जागेवर आहे, रंगलेला आहे, पण वाजवत नाही. तिनं लिहिलं, '४: ऑर्गन नाही.' मग '९: ऑर्गन नाही.' बाराव्या मिनिटाला दोन्ही गिटारी थांबल्या, नुसता ड्रम आणि बेस उरला. तिला वाटलं, आता अप्पा शिरणार. ही तर ऑर्गनचीच जागा. अप्पा शिरले नाहीत. तीन मिनिटं ती जागा तशीच मोकळी राहिली. आपलाच नियम मोडून तिनं उजव्या रकान्यात लिहिलं, 'अंगावर काटा.'

परीक्षण मंगळवारी छापून आलं. 'पंचाहत्तरीच्या माणसानं आपल्या हक्काची जागा मोकळी सोडावी आणि त्या मोकळेपणातून संगीत घडावं, हे मी प्रथमच ऐकलं,' असं तिनं लिहिलं होतं. 'वाजवण्यासाठी कसब लागतं. अडतीस मिनिटं हात आवरून बसण्यासाठी काळीज लागतं.'

बुधवारी सकाळी अकरा वाजता अप्पा ऑफिसात आले.

इस्त्रीचा शर्ट, हातात चौपदरी घडी केलेलं वर्तमानपत्र. घडीवर पेन्सिलीनं ओळी अधोरेखित केलेल्या. घड्याळताई लगबगीनं उठली, खुर्ची पुढं केली.

"बसा अप्पा. चहा सांगू?"

"चहा नको. बाई, तुम्ही फार सुंदर लिहिलंत. माझ्यावर इतकं सुंदर कुणी लिहिलं नव्हतं." अप्पांनी घडी टेबलावर ठेवली. "फक्त ते खरं नाही."

"म्हणजे?"

"मी दुसऱ्या भागात वाजवत होतो."

घड्याळताईला आधी हसू आलं. अप्पांच्या चेहऱ्याकडे बघून ते जागच्या जागी विरलं.

"पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत वाजवत होतो," अप्पा म्हणाले. "घरी गेल्यावर मनगट शेकावं लागलं, इतकं."

तिनं पर्समधून वही काढली. चोवीस वर्षांत तिनं ती कुणाला दाखवली नव्हती. "हे बघा. चौथं मिनिट. नववं. बारा ते पंधरा, फक्त ड्रम आणि बेस..."

"बारा ते पंधरा मी एकटा होतो!" अप्पांचा आवाज चढला. दोन टेबलांपलीकडचा क्रीडा वार्ताहर मान वर करून बघू लागला. "पोरांनी माझ्यासाठी गिटारी थांबवल्या. चांगली तीन मिनिटं वाजवली मी, वर्षभरात तेवढी चांगली वाजली नव्हती. लोकांनी टाळ्या दिल्या त्याला! त्या तरी ऐकल्यात का?"

टाळ्या तिनं ऐकल्या होत्या. '१५: टाळ्या.' समोर लिहिलेलं होतं. तिला कळेना की वेडं कोण झालंय, आपण की हा म्हातारा. समोरचा माणूस खोटं बोलत नव्हता, आणि तिच्या कानांनी तिला कधी दगा दिला नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला एकच वाट होती. ती वाट डोक्यात आली, तशी घड्याळताईनं वही मिटली.

"अप्पा," तिनं जपून विचारलं, "तुम्हाला तुमचं वाजवणं कुठून ऐकू येतं?"

"माझ्या पायाशी छोटा स्पीकर असतो ना, माझ्यापुरता. प्रत्येकाला असतो. का?"

"काही नाही. सहज."

"लोकांचा आवाज मोठ्या स्पीकरमधून जातो, तो आमचा बटण्या बघतो मागं बसून."

"हो," ती म्हणाली. टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिनं उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

अप्पांना तिच्या चेहऱ्याचा अर्थ वेगळा लागला. ते जरा नरमले. "हे बघा, मला राग नाही. दुपारची वेळ, थंड सभागृह, माणसाचा डोळा लागतो. पण दुरुस्ती छापा. कालपासून तीन फोन आले, अप्पा, थकलात का म्हणून. मी थकलेलो नाही. मी नुसता बसून राहिलो असं छापून आलंय, बाई. ज्या दिवशी मी बसून राहीन ना, त्या दिवशी संपलो मी."

ती "उद्या कळवते" म्हणाली. अप्पा जिन्यापर्यंत जाऊन पुन्हा वळले आणि म्हणाले, "लिहिलंत मात्र सुंदर."

सभागृह दहा मिनिटांवर होतं. दोन रविवारांच्या मध्ये बँडनं सामान तिथंच ठेवलं होतं. बटण्या रिकाम्या स्टेजवर मांडी ठोकून वायरी गुंडाळत बसला होता. आवाजाचं टेबल सांभाळणारा हा माणूस, टेबलावर शेकडो बटणं, म्हणून बटण्या. पन्नाशीला आला तरी नाव सुटलं नाही. घड्याळताईला बघून तो उठला.

"ताई! काय लिहिलंय, काय लिहिलंय! वाचून..."

"ऑर्गनचा फेडर कुठं होता रे?"

फेडर म्हणजे टेबलावरची वर-खाली सरकणारी पट्टी. प्रत्येक वाद्याची एक. वर सरकवली की ते वाद्य सभागृहात ऐकू येतं, खाली ओढली की नाही. बटण्याच्या हातातली वायर खाली गळून पडली.

"कुठला फेडर?"

"नाटकं करू नकोस."

"खाली होता," बटण्या म्हणाला.

"किती खाली?"

"पूर्ण."

"कधीपासून?"

बटण्यानं तिच्याकडे बघणं सोडून दिलं. "अकरा महिने झाले. फक्त दुसऱ्या भागात. पहिल्या भागात चालू ठेवतो, आईशप्पथ."

घड्याळताई स्टेजच्या पायरीवर बसली. ओळखून आली होती, तरी आकडा ऐकणं वेगळं. अकरा महिने. दर महिन्याला दोन-तीन कार्यक्रम. एक म्हातारा माणूस घामाघूम होऊन वाजवतो, डोळे मिटून, मनगट दुखेपर्यंत, आणि त्याच्या पायाशी असलेल्या खोक्यापलीकडे त्यातलं काहीही जात नाही. आणि आपण चौथ्या रांगेत बसून त्याच्या शांततेवर काटा आणून घेतला. आपण ती शांतता छापली!

"त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"मी सांगू शकले नाही."

हे मागून आलं. अप्पांची मुलगी विंगेत उभी होती, खांद्याला बेस गिटार. चाळिशीची, वडिलांचंच कपाळ. ती पुढं येऊन उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. चोरी पकडली गेल्यावर माणूस बोलतो तसं ती भराभर बोलू लागली.

"त्यांच्या कानात दोष आलाय, ताई. कमी ऐकू येतं असं नाही, चुकीचं ऐकू येतं. सूर आहे त्यापेक्षा अर्ध्यानं सरकलेला ऐकू येतो. डॉक्टरांनी यंत्र दिलं, ते कपाटात पडलंय. बसवलेल्या चाली बोटांना पाठ आहेत, म्हणून पहिला भाग नीट जातो. दुसऱ्या भागात कानावर चालावं लागतं. गेल्या वर्षी एका ठिकाणी सलग अकरा मिनिटं अर्धा सूर खाली वाजवत राहिले. पुढच्या रांगेतले लोक हसले. त्यांना दिसलं नाही, मला दिसलं."

"मग तुम्ही त्यांच्याकडे का नाही गेलात? नियम आहे ना तुमचा?"

"गेलो. एकदा गेलो, चारदा गेलो. मग प्रत्येक कार्यक्रमात तेच व्हायला लागलं. पोरं म्हणाली, आपण वाजवतोय की अप्पांना सांभाळतोय?" तिनं नाक पुसलं. "एके दिवशी मीच याला म्हटलं, आजच्या दिवस खाली घे. आजच्या दिवस म्हणता म्हणता..."

"आणि एकालाही कळलं नाही? तुमचे ते चाहते तर कार्यक्रम रेकॉर्ड करून घरी नेतात!"

"म्हातारा माणूस, दमतो, असं समजतात. आणि अप्पा रेकॉर्डिंग ऐकत नाहीत. झालेलं वाजवणं गेलं म्हणतात. मोजून लिहिणाऱ्या तुम्ही एकट्याच निघालात."

घड्याळताईचा पारा चढला. "तोंडावर सांगायचं होतं त्यांना! बापाला असं फसवतात?"

"ते आज तुमच्याकडे आले होते ना?" मुलगी म्हणाली. "तुमच्या लक्षात आलं असणार. मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

घड्याळताईनं पर्स उचलून मांडीवर घेतली.

"दुरुस्ती छापा, ताई," मुलगी हात जोडून म्हणाली. "डोळा लागला होता म्हणा. एका ओळीचा तर प्रश्न आहे. तुमचं काय जातंय?"

तुमचं काय जातंय, हे तिला जेवढं झोंबलं तेवढं आजवर कुणी दिलेल्या शिव्यांपैकी काहीही झोंबलं नव्हतं. चोवीस वर्षं जे जपलं तेवढंच जाणार होतं.

गुरुवारचा अर्धा दिवस तिनं चार वाक्यांवर घालवला. खरं लिहिलं तर म्हाताऱ्याला ते सकाळच्या वर्तमानपत्रातून कळणार, सगळ्या लोकांबरोबर. नाही लिहिलं तर तो बसून राहिलेला माणूस ठरणार. शेवटी तिनं लिहिलं, 'मंगळवारच्या परीक्षणात, कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात ऑर्गन वाजला नाही असं म्हटलं होतं. ऑर्गनवादक पूर्ण वेळ वाजवत होते. मला ते ऐकू आलं नाही.' इथपर्यंत सगळं खरं होतं. चौथं वाक्य तिनं दात-ओठ खात लिहिलं. 'दोष माझ्या कानांचा.'

संपादकानं कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला. "ताई, तुम्ही? दुरुस्ती?"

"छाप."

"खरंच झोपलात तुम्ही?"

"छाप म्हटलं ना!"

शुक्रवारी दुरुस्ती आली. शनिवारी ती ऑफिसात पोचली तेव्हा तिच्या खुर्चीवर एक उशी ठेवलेली होती, वर चिठ्ठी, 'पुढच्या कार्यक्रमासाठी.' सगळं ऑफिस खाली मान घालून हसत होतं. ती उशीवरच बसली आणि कामाला लागली. काही झालं तरी एक म्हातारा आज सुखानं चहा पीत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुपारी फोन वाजला. अप्पा होते.

"दुरुस्ती वाचली, बाई. आभारी आहे."

"अहो, आभार कसले. चूक ती चूक."

मग अप्पा म्हणाले, "ती ओठ हलवणारी गायिका तुम्हीच पकडली होती ना?"

"हो."

"कितव्या रांगेत बसला होतात?"

"सतराव्या," ती बोलून गेली.

"आणि आमच्या कार्यक्रमाला?"

खोटं बोलायला एक क्षण होता, तो गेला. "चौथ्या."

"बरं," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

घड्याळताई रिसीव्हर कानाला लावून तशीच बसून राहिली. क्रीडा वार्ताहर हसत हसत तिच्या टेबलाशी आला होता, तो तिच्याकडे बघून आल्या पावली परत गेला.

दुसऱ्या रविवारी चार वाजता तिची चौथ्या रांगेतली तीच खुर्ची. अप्पा येणार नाहीत, असं तिनं धरून ठेवलं होतं. अप्पा आले. पहिला भाग वाजवला, तोही झकास. मुलगी एकदा त्यांच्याकडे बघून हसलीसुद्धा. म्हणजे तिला काही माहीत नव्हतं. फोनवरचं बोलणं अप्पा आणि घड्याळताई यांच्यापलीकडे गेलं नव्हतं.

मध्यंतरानंतर मंडळी परत आली. अप्पांनी बसायच्या आधी आपलं स्टूल उचललं, ऑर्गनच्या मागून बाजूला आणून ठेवलं आणि त्यावर बसले. आता सगळ्या सभागृहाला ते डोक्यापासून पायापर्यंत दिसत होते. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

तुकडा सुरू झाला. अप्पांचे हात मांडीवरच.

मुलीनं पहिल्या मिनिटात ते पाहिलं. तिचा रंग उडाला, बेसचा एक ठोका चक्क गळला. ड्रमवाल्यानं मान वर केली ती खाली करायला विसरला. एक गिटारवाला दुसऱ्याकडे बघत होता आणि दुसरा स्वतःच्या बुटांकडे. घड्याळताईनं लिहिलं, '४: ऑर्गन नाही.' तिच्या चोवीस वर्षांतली ही सगळ्यांत खरी नोंद होती आणि तिला ती बघवत नव्हती.

"हेच, हेच!" मागच्या रांगेतली एक बाई नवऱ्याच्या कानात कुजबुजली. "पेपरात आलं होतं बघ. न वाजवणं. काय काळीज लागतं!"

परीक्षण सगळ्यांनी वाचलं होतं, दुरुस्ती कुणीच वाचली नव्हती. आठव्या मिनिटाला कुणीतरी त्या मांडीवरच्या हातांना टाळ्या दिल्या, आणि हां हां म्हणता निम्मं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. घड्याळताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तिनं शिकवलं होतं त्यांना. अप्पा टाळ्या ऐकत होते आणि मुलीकडे बघत होते. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. ते नुसते वाट बघत होते.

बाराव्या मिनिटाला, गेल्या रविवारसारख्याच, दोन्ही गिटारी थांबल्या. ड्रम आणि बेस उरला. अप्पा उठले, स्टूल ऑर्गनमागे नेलं, बसले. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. डावा हात ऑर्गनच्या वर काढून त्यांनी सभागृहाच्या पार मागं, बटण्याच्या दिशेनं धरला आणि तळवा आभाळाकडे करून दोनदा वर उचलला. वर घे. वर.

घड्याळताईनं वळून पाहिलं. बटण्या टेबलामागं उभा होता, बोट फेडरवर, तोंड उघडं. तो मुलीकडे बघत होता. मुलगी कुणाकडेच बघत नव्हती. अप्पांचा हात हवेत तसाच होता. बटण्याच्या तोंडून काहीतरी निघालं, शिवी असावी किंवा देवाचं नाव, आणि त्यानं पट्टी वर सरकवली.

अप्पांनी एक सूर दाबला.

सभागृह त्यानं भरून गेलं. सूर चुकलेला होता, बरोबर अर्ध्यानं खाली. बेस एका जागी, ऑर्गन त्याच्या खालच्या पायरीवर, आणि दोघांची घासाघीस दातांत कचकचावी तशी. मागची बाई "शी!" म्हणाली. पुढं कुणीतरी खिदळलं. घड्याळताईचं बोट आपोआप स्टॉपवॉचवर पडलं आणि काटा शून्यापासून नव्यानं धावू लागला, ते कधी पडलं तिलाही कळलं नाही.

अप्पांनी बोट उचललं नाही. बरोबरची पट्टी शेजारीच होती, एक बोट सरकवायचा अवकाश. चूक झालीय हे त्यांना कानानं कळलं नसेल, पण मुलीच्या चेहऱ्यावरून नक्की कळलं होतं. तरीही त्यांनी तो सूर धरून ठेवला, सगळ्यांच्या देखत, एकट्यानं. आपलाच नियम हातात धरून ते बसले होते आणि समोर कुणी हलत नव्हतं. उचला बोट अप्पा, नका हो असं करू, असं घड्याळताई मनात म्हणत होती. आणि मग तिचं तिलाच कळलं की ती अप्पांना नाही, दुसऱ्याच कुणाला तरी म्हणते आहे, जा ना गं, जा.

मुलीचा डावा हात बेसच्या मानेवर खिळला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग तिची बोटं एक घर खाली सरकली.

घासाघीस थांबली. खालून बेसचा तो सूर आला आणि अप्पांच्या सुराखाली जाऊन उभा राहिला. मग एक गिटार आली, मागोमाग दुसरी. सगळा बँड अर्ध्या सुरानं खाली उतरून अप्पांकडे आला, आणि चुकलेला सूर कुठं शोधूनही सापडेना. लोकांना काय झालं ते कळलं नाही. मागची बाई नवऱ्याला म्हणाली, "ठरवून करतात हं हे सगळं." अप्पांनी आता कुठं डोळे मिटले. त्यांचे खांदे डुलायला लागले.

घड्याळताईनं स्टॉपवॉच थांबवलं. काटा चौदा सेकंदांवर होता. उजव्या रकान्यात तिनं लिहिलं, 'ऑर्गन.' डाव्या रकान्यात मिनिट लिहायचं होतं. चुकलेला माणूस किती वेळ एकटा होता, ते तिनं तिथं लिहिलं. 'अकरा महिने, चौदा सेकंद.'